भिंत नसलेला दरवाजा

थांबा, मागे डोकावू नका. नवीन आलेला प्रत्येक जण तेच करतो. माझ्यामागे काही नाही. जी खोली माझ्यापुढे आहे, तीच माझ्यामागे आहे. तोच कुरकुरणारा पंखा, तीच एक खिडकी, तीच डगमगती बाकं. मी दरवाजा बोलतोय, पण मला भिंत नाही. चौकट आहे, बिजागऱ्या आहेत, कडी आहे, पितळी मूठ आहे. खाली लाकडी पाय आणि पायांना चाकं आहेत. भिंत तेवढी राहून गेली.

ती कशी राहिली, तेही सांगतो. माझा जन्म एका सुताराच्या दुकानातला. एका गृहस्थांना न्हाणीघराला दरवाजा हवा होता. ते येऊन 'इतक्या वीत उंच, इतक्या वीत रुंद' असं माप तोंडी सांगून गेले. गृहस्थ ताडमाड. त्यांची वीत म्हणजे उघडलेला हातपंखाच. सुतार आटोपशीर माणूस. त्याने आपल्या वितीने मोजलं, रंधा मारला, पॉलिश केलं, मला हातगाडीवर घातलं आणि वाजतगाजत नेलं. उभं करून पाहतात तर माझ्या डोक्यावर एवढी फट, की मांजराने तिथे बसून आरामात आतली मजा बघावी.

गृहस्थ भडकले. "हा दरवाजा आहे की कपाटाचं झाकण?"

सुतार म्हणाला, "साहेब, वीत कुणाची धरायची ते तुम्ही कुठे सांगितलं होतं?"

मी त्याच हातगाडीवरून परत आलो आणि दुकानाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा राहिलो. भिंत मिळाली ती अशी, टेकायला.

आम्हा दरवाज्यांच्या जातीला एकच खोड असते. पलीकडे काय आहे, ते कळल्याशिवाय चैन पडत नाही. ज्याला घर मिळतं त्याला आतलं नि बाहेरचं दोन्ही कळतं. कोण हसत आत आलं, कोण डोळे पुसत बाहेर गेलं, सगळं. मला मात्र एका बाजूने भुसा दिसायचा आणि दुसऱ्या बाजूने चुना. जन्माला येऊन मी कुणाच्या कामाला आलो नाही, याचं दुःख होतंच. पण त्याहून मोठं दुःख हे, की मला कसली बातमीच कळत नव्हती.

मग एक दिवस बाई आल्या. त्यांना फळा ठेवायला लाकडी घोडा हवा होता. बोलता बोलता त्यांची नजर माझ्यावर गेली.

"हा असा का उभा केलाय?"

"तो होय? फुकट गेलेला माल आहे तो."

"मला द्या."

"कुठे बसवणार?"

"कुठेच नाही."

सुताराने कानावरची पेन्सिल काढली आणि पुन्हा कानावर ठेवली. "मग भिंत?"

"भिंत नको. चाकं लावून द्या."

बाई गेल्यावर सुतार बायकोला म्हणाला, "शिकलेल्या माणसांचं काही सांगता येत नाही बुवा." बायको म्हणाली, "गेला ना एकदाचा? केर काढायला जागा झाली."

अशा रीतीने मी शाळेत दाखल झालो. शाळा म्हणजे एका छापखान्यावरची खोली. खाली यंत्र धडधडतं, वर बाई मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतात. दिवसभराची कामं उरकून, नाहीतर अर्धवट टाकून, माणसं दुपारी चारला येतात. शिंपीकाका येतात, टॅक्सी चालवणारे ड्रायव्हरदादा येतात, कुणी दुकानातून येतं, कुणी घरातून.

बाईंनी आधी पुस्तकातून शिकवून पाहिलं होतं. गाळलेल्या जागा सगळे अचूक भरायचे. पण रस्त्यात एखाद्या परदेशी माणसाने पत्ता विचारला, की हीच मंडळी पलीकडच्या फुटपाथवर पळायची. ड्रायव्हरदादांनी तर एकदा 'टॅक्सी बिघडलीय' असं खुणेने सांगून चांगल्या चालणाऱ्या टॅक्सीतून प्रवासी उतरवला होता. बाई म्हणाल्या, भाषा तुमच्या वहीत आहे, ती तोंडात आणायला दरवाजा लागेल.

त्यांची पद्धत अशी. मला खोलीच्या मधोमध उभं करायचं. माझ्या अलीकडे कुठलीही भाषा चालते. पलीकडे फक्त इंग्रजी. ज्याची पाळी असेल त्याच्या कानात बाई सांगतात, तू आता अमुक आहेस. कुणी डॉक्टर, कुणी चोर, कुणी सामान हरवलेला प्रवासी. मग त्याने मला ठोठावायचं, 'मे आय कम इन' म्हणायचं, मूठ फिरवायची आणि तो दुसरा माणूस होऊन पलीकडे जायचं. पलीकडे आधीच कुणीतरी असतं. त्याच्याशी काम साधून यायचं. चुका कितीही करा, पण काम झालं पाहिजे. परत आलात की दोन्ही हात, ओले असल्यासारखे, जोरात झटकायचे. घेतलेलं सोंग तिथेच गळून पडतं. आणि बाईंचा एक कडक नियम होता. दरवाज्यातून स्वतः म्हणून कुणीही जायचं नाही. "स्वतःची लाज वाटते, चोराची वाटत नाही," असं त्या म्हणायच्या.

आणि खरंच होतं ते. शिंपीकाका एरवी कापडाला विचारून कात्री लावतील असे. पण मंत्री होऊन पलीकडे गेले की टेबलावर मूठ आपटायचे. मला मोठी मौज वाटायची. एवढीशी माझी जाडी. तेवढ्यात माणूस बदलतो म्हणजे काय? तो बदलतो कुठे नेमका, माझ्या अलीकडच्या रंगापाशी की पलीकडच्या? मी पुष्कळ लक्ष ठेवून पाहिलं. अजून कळलेलं नाही.

ठोठावण्यावरून मात्र मी माणूस ओळखायला शिकलो. शिंपीकाका असे ठोठावायचे, की वाटावं माफी मागतायत. ड्रायव्हरदादांना ठोठावणं कधी जमलंच नाही, ते माझी मूठ हॉर्नसारखी दाबायचे आणि तोंडाने आवाज काढायचे. काही जण ठोठावून लगेच कान लावायचे, काही जण ठोठावण्याआधी केस नीट करायचे. भिंत नव्हती, पलीकडचा माणूस उघड्या डोळ्यांना दिसत होता, तरी करायचे.

एक दिवस सासू-सून आल्या.

सून नवी नवरी होती. नव्या गावात, नव्या घरात, अजून पावलांचा आवाज होऊ न देता चालायची. सगळे मला बघून हसायचे नि विचारायचे, हे काय ध्यान? तिने काहीच विचारलं नाही. ती खाली वाकली, माझ्या बिजागऱ्या पाहिल्या, मला एकदा पूर्ण उघडलं, एकदा मिटलं आणि माझी फळी जमिनीवरून कुठवर फिरते ते नजरेने मोजलं. माझी मूठ धरणारे पुष्कळ झाले होते. बिजागऱ्या बघणारी ही पहिली. खोटं कशाला बोलू, मी जरा ताठ झालो.

सासूबाई तिच्या सोबतीला आल्या होत्या. "नवीन आहे, वाट चुकेल," असं त्यांनी बाईंना सांगितलं आणि कोपऱ्यातलं बाक धरलं. पण त्यांची मान वाट दाखवणाऱ्या माणसासारखी नव्हती, तमाशा बघायला पुढची जागा मिळालेल्या माणसासारखी होती.

बाई म्हणाल्या, "इथे बसून बघता येत नाही हं. एक तर शिकायचं, नाहीतर खाली थांबायचं."

"मी? या वयात?" सासूबाई म्हणाल्या आणि उठून रांगेत पहिल्या उभ्या राहिल्या.

बाईंनी त्यांना चहाच्या दुकानाची मालकीण केलं. पलीकडे ड्रायव्हरदादा दमलेला परदेशी पाहुणा होऊन बसले होते. सासूबाईंनी मला ठोठावलं नाही, थोपटलं. आत गेल्या आणि म्हणाल्या, "यू सिट. आय टी. यू ड्रिंक. फिनिश!"

बाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, "बघा, काम झालं!"

सासूबाईंनी हात झटकले आणि सुनेकडे पाहिलं. "यात काय एवढं? उगीच घाबरतेस. चार शब्द येतात ना, ते फेकायचे. समोरचा झेलतो."

सुनेला चार नाही, चार हजार येत असतील. वहीत तिची एक चूक सापडायची नाही. पण पाळी आली की ती माझ्यासमोर उभी राहायची, मूठ धरायची, तळहात गार पडायचा आणि ती मागे सरायची. पुढच्या वेळी, म्हणायची. सासूबाई म्हणायच्या, "अगं, तोंडाला कुलूप घातलंयस की काय? किल्ली तरी सांग कुठे ठेवलीय!"

एकदा सगळे गेल्यावर ती बाईंशी बोलत थांबली. सासूबाई खाली चपला शोधत होत्या. माझ्या आडोशाला उभी राहून ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, मी घरांचे नकाशे काढायला शिकलेय. इथे एक मोठं ऑफिस आहे, परदेशातल्या लोकांसाठी नकाशे काढतात. मला मुलाखतीला बोलावलंय. पण सगळं इंग्रजीत आहे."

"मग उत्तमच की!"

"घरी ठरलंय, एकदा जाऊन यायचं. आई म्हणाल्या, बघ प्रयत्न करून, पण जमलं नाही तर मग मनातून काढून टाक. घरात काही कमी नाही. त्यांचंही चुकीचं नाही..." ती माझ्या चौकटीवरून हात फिरवत राहिली. "माझी पट्टी, कंपास, सगळं लग्नापासून पेटीत आहे. ही एक संधी गेली तर ते तिथेच राहील."

बाईंनी काही उपदेश केला नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या कानात म्हणाल्या, "तू खाष्ट घरमालकीण आहेस. शिंपीकाका खोली भाड्याने बघायला आलेत. त्यांना हाकलून दे."

ती माझ्यासमोर उभी राहिली. तळहात नेहमीसारखा गार. मग काय झालं कोण जाणे, तिने मला जोराने ढकललं आणि पलीकडे जो पाय पडला, तो तिचा नव्हताच. एक हात कमरेवर, हनुवटी वर. आधी तिने माझ्या चौकटीवरून एक बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि धूळ शिंपीकाकांना दाखवली. मग सुरू झाली. "नो कुकिंग आफ्टर नाइन! नो गेस्ट! नो सिंगिंग!" आल्या आल्या पडदा असा का चुरगळून ठेवलात? नळ नीट बंद का नाही केलात? तुमच्या आईने तुम्हाला काही शिकवलं की नाही? सगळं इंग्रजीत, धबधब्यासारखं. शिंपीकाका खरोखरच उठून उभे राहिले.

वर्ग लोटपोट हसत होता. सगळ्यांत मोठ्याने सासूबाई. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, एक हात पोटावर नि एक कमरेवर ठेवून. ड्रायव्हरदादा पुटपुटले, "ही घरमालकीण ओळखीची वाटते नाही?"

सासूबाईंनी आपल्या कमरेवरच्या हाताकडे पाहिलं. मग पलीकडच्या सुनेच्या कमरेवरच्या हाताकडे पाहिलं. हसू एकदम थांबलं, वीज गेल्यावर दिवा विझतो तसं.

सून हात झटकून अलीकडे आली आणि पुन्हा तीच झाली. तिला काहीच कळलं नव्हतं. नक्कल तिने ठरवून केली नव्हती, एवढं मी छातीठोक सांगतो. घरात दिवसभर जे दिसतं तेच तोंडातून आलं.

वर्ग सुटला. सून पुढे गेली. सासूबाई मागे राहिल्या. खोलीत कुणी नाही असं पाहून त्या माझ्यापाशी आल्या, चौकटीवरून एक बोट फिरवलं आणि त्या बोटाकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता घरी काय होणार? मी तिथे असतो तर! पण घरांना त्यांचे त्यांचे दरवाजे असतात आणि ते आम्हाला काही कळवत नाहीत.

पुढच्या वर्गाला दोघी आल्या. सासूबाई आल्या आल्या म्हणाल्या, "बाई, आज हिला घरमालकीण करा आणि भाडेकरू मी."

घरमालकीण पलीकडे जाऊन बसली. या वेळी मला ठोठावलेलं मलाच जेमतेम ऐकू आलं. सासूबाई खांदे आवळून आत गेल्या. मान खाली, बोटांत बोटं. घरमालकीण काही म्हणाली की "यस मॅडम". काही विचारलं की "नो मॅडम". काही न विचारताच "सॉरी मॅडम". वर्ग हसत होता. सुनेचा आवाज मात्र हळूहळू उतरत गेला आणि कमरेवरचा हात खाली आला.

सासूबाईंनी परत येऊन हात झटकले, चांगले दोनदा. "किती कंटाळवाणं असतं गं हे! मान दुखली माझी. तू दिवसभर कशी करतेस?"

"आई, मी अशी करते?"

"मग मी तशी करते?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आधी सून हसली. तिचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

आता सगळं सुरळीत होईल असं आम्हा सगळ्यांना वाटलं. घरमालकीण आठवड्यात एवढी तरबेज झाली, की पलीकडे पाऊल पडायचा अवकाश. मुलाखतीच्या दिवशी बाईंनी वर्ग थोडा लवकर उघडून ठेवला. सून चार वाजता आली. एकटीच. बाकावर बसली आणि ओंजळीत तोंड घेतलं.

"काय झालं? बोलता नाही आलं?"

"आलं बाई. फार बोलले."

झालं होतं असं. तिने ऑफिसचा दरवाजा ठोठावला, 'मे आय कम इन' म्हणाली, मूठ फिरवली आणि पाऊल आत टाकलं. पाय, हात, जीभ यांना आठवडाभर एकच सवय. पलीकडे गेलं की घरमालकीण. हात कमरेवर गेला, हनुवटी वर झाली. समोर तीन साहेब बसले होते. तिने त्यांना इंग्रजीत विचारलं, ही खिडकी बंद का? एवढ्याशा खोलीत एवढी माणसं कशी बसवता? आणि ते कपाट उजेडाच्या वाटेत कुणी ठेवलं? आधी हलवा ते!

"मग?" ड्रायव्हरदादांनी विचारलं.

"एक साहेब उठले हो खरंच. कपाट धरलं त्यांनी. मग दुसऱ्याने विचारलं, तुम्ही कोण? तेव्हा मी भानावर आले. आणि मग... माझं नावही आठवेना. पळत आले. नकाशांची गुंडाळीसुद्धा तिथेच टेबलावर राहिली."

हसावं की रडावं कुणालाच कळेना. तेवढ्यात जिन्यावर धापा टाकण्याचा आवाज आला. सासूबाई. ही घरी आली नाही म्हणून शोधत आल्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या मटकन बसल्या.

"म्हणजे तिथे माझ्यासारखी बोललीस?"

सुनेने मान हलवली.

"मग नोकरी गेलीच म्हणायची," सासूबाई म्हणाल्या. पण आवाजात चिडवणं नव्हतं. मग म्हणाल्या, "कपाट हलवलं का त्यांनी?"

"अर्धं."

बाई माझ्याकडे बघत होत्या. मग हळू म्हणाल्या, "तुमची कुणाची चूक नाही. माझा नियम चुकला. इतके दिवस इथून चोर गेले, मंत्री गेले, घरमालकीण गेली. ही पोर एकदाही गेली नाही."

त्या उठल्या आणि सुनेच्या कानात एकच शब्द म्हणाल्या. तिचं स्वतःचं नाव, माहेरच्या कुणी हाक मारावी तसं. "पलीकडे ऑफिस आहे. साहेब कोण होणार?"

"मी," सासूबाई म्हणाल्या आणि पलीकडे जाऊन खुर्चीवर बसल्या.

सून माझ्यासमोर आली. आजवर मी इतके हात ओळखले, पण असा हात नव्हता पाहिला. मूठ धरली, सोडली, पुन्हा धरली. सोंग घेतलेलं नव्हतं, त्यामुळे लपायला जागाच नव्हती. शेवटी तिने ठोठावलं आणि आत गेली. गेली ती उभीच राहिली.

साहेब झालेल्या सासूबाईंना मुलाखतीत काय विचारतात ते काय ठाऊक? त्यांच्या मनात जे होतं तेच त्यांनी विचारलं. आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्या म्हणाल्या, तू रोज दुपारी कोपऱ्यात बसून, जुन्या कागदाच्या पाठीवर काय काढत असतेस? कशाला काढतेस? मी बघते. रोज बघते. मला कळत नाही.

सून चकित होऊन बघत राहिली. हा प्रश्न घरात, मराठीत, कुणी तिला विचारला नव्हता.

"आय ड्रॉ हाउसेस," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, बारीक, पण तुटला नाही.

घर तर दिसतंच की, ते काढायचं कशाला, साहेबांनी विचारलं.

तिने इकडेतिकडे पाहिलं, फळ्यावरचा खडू घेतला आणि जमिनीवर बसली. भिंत अशी, दोन रेघांची. खिडकी अशी. आणि दरवाजा? तिने माझ्या पायाशी एक सरळ रेघ ओढली आणि मी उघडताना माझं टोक जिथून जिथून जातं, तिथून एक गोल रेघ फिरवली. इंग्रजीत सांगत होती, अडखळत, शब्द शोधत. कागदावर दरवाजा असाच काढतात. नुसता तो कुठे आहे ते पुरत नाही, उघडायला त्याला किती जागा लागते तेही दाखवावं लागतं. नाहीतर घर बांधून होतं आणि माणसं आयुष्यभर दाराला अडखळतात.

मी खाली पाहिलं. मी कधी स्वतःला वरून पाहिलं नव्हतं. ती खडूची कमान केवढी मोठी होती! एवढी जागा माझी होती, मला माहीतच नव्हतं.

"आपल्या स्वयंपाकघराचा दरवाजा," सून इंग्रजीतच पुढे म्हणाली आणि शेजारी आणखी एक कमान काढली, "उलट्या बाजूला उघडतो. म्हणून रोज भांडी उतरवताना तुमच्या कोपराला लागतो. बिजागऱ्या या बाजूला घेतल्या तर नाही लागणार."

सासूबाईंनी आपलं कोपर चोळलं. "अगं बाई, खरंच की!" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं मीच वेंधळी. इतकी वर्षं!"

"पलीकडे मराठी नाही हं," ड्रायव्हरदादा ओरडले.

"गप रे!" सासूबाई म्हणाल्या, तेही मराठीतच.

दुसऱ्या दिवशी सून नकाशांची गुंडाळी आणायला म्हणून त्या ऑफिसात गेली. पुढचं तिने वर्गात येऊन सांगितलं. तिने ठोठावलं. तेच तीन साहेब. कपाट नव्या जागेला होतं आणि टेबलावर उजेड पडला होता. एक जण म्हणाला, "या, घरमालकीणबाई."

ती म्हणाली, "त्या गेल्या वेळी आल्या होत्या. आज मी आलेय." आणि आपलं नाव सांगितलं.

नकाशे टेबलावर उघडलेलेच होते. मग ती तासभर त्यांच्याविषयी बोलली. चुकली, थांबली, एका ठिकाणी शब्द सापडला नाही तर तिथे रेघ काढून दाखवली. सध्या नोकरी कच्ची आहे, काम पाहून पक्की करणार आहेत. त्या दिवशी शिंपीकाकांनी माझी मूठ एवढ्या जोरात हलवली, की ती ढिलीच झाली. अजून ढिली आहे.

आता सून वर्गाला येत नाही. चार वाजता ती कामावर असते. तिचा निरोप तेवढा येतो, की स्वयंपाकघराचा दरवाजा फिरवून घेतला. आता तो नव्या बाजूला उघडतो आणि घरातले सगळे जुन्या बाजूला जाऊन थडकतात.

सासूबाई मात्र न चुकता येतात, एकट्या. नवीन आलेल्यांना त्या माझ्याविषयी सांगतात, जणू मी त्यांच्याच माहेरचा. त्या राणी झाल्यात, न्यायाधीश झाल्यात, एकदा तर विमान चालवून आल्यात. घाबरणं त्यांना ठाऊक नाही.

पण आज गंमत झाली. आज बाईंनी त्यांच्या कानात त्यांचं स्वतःचं नाव सांगितलं.

"एवढंच?" त्या हसल्या. तरातरा माझ्यापाशी आल्या, मूठ धरली. आणि तिथेच थांबल्या.

"बाई, मी म्हणूनच जायचं? पण पलीकडे विचारतील ना, तुम्ही काय करता म्हणून. मग काय सांगू?"

बाई पलीकडे जाऊन बसल्यात. उत्तर देत नाहीत. ड्रायव्हरदादांनी मदतीला तोंड उघडलं होतं, बाईंनी बोटाने गप्प केलं. मी तुमच्याशी हे सगळं बोलतोय ना, ते याच वेळात. सासूबाईंचा हात माझ्या मुठीवर आहे. आजवर कधी नव्हता, असा गार आहे.

मी म्हातारा झालोय. एक चाक निखळलंय, त्याखाली पुठ्ठ्याची घडी आहे. बाईंना आता मोठी जागा मिळणार आहे म्हणे, खऱ्या भिंती नि खऱ्या दारांची. तिथे मला नेतील की नाही, ठाऊक नाही. न्यावं असं वाटतं. नाही नेलं तर जाता जाता एवढंच मागणं आहे. कुणी असं दारापाशी थबकलं, तर त्याला मागून ढकलू नका. त्याच्या वतीने उत्तरही देऊ नका. आणि घरातल्या ज्या माणसाला रोज बघता, त्याला एकदा विचारा, तू काय करत असतोस रे दिवसभर? मोडक्या भाषेत विचारलंत तरी चालेल.

बास. आता कुणी बोलू नका. त्यांनी मूठ सोडली आणि बोटं आखडून घेतलीत. ठोठावलं! पलीकडून बाईंनी विचारलंय, "हू इज इट?"

मलाही ऐकायचंय.